आठ मिलिमीटरच्या आत

स्वप्नील कुसाळेचं पॅरिस ऑलिम्पिकमधलं कांस्यपदक आपण साजरं केलं ते पदक म्हणून. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी, वडील शिक्षक, स्वतः तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस, आणि १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या कांस्यानंतर थेट ७२ वर्षांनी मराठी मातीतल्या खेळाडूच्या गळ्यात पडलेलं वैयक्तिक पदक. एवढं सगळ्यांना पाठ झालं. पण १ ऑगस्ट २०२४ रोजी शातोरूच्या रेंजवर, ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत त्याने जे ४४ शॉट मारले, ते एकेक करून फारसे कोणी वाचले नाहीत. ते वाचण्याजोगे आहेत. एखाद्या जाणकार गायकाची मैफल आपण जागा हेरत ऐकतो, तेवढ्याच बारकाईने वाचण्याजोगे.

आमच्या बजाजनगर वसाहतीतल्या वाचकाला हे वाचन जड जाऊ नये. वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच्या मागोमाग लहानमोठी वर्कशॉपं आली, आणि आमच्या वसाहतीत मायक्रोमीटर ओळखणारी माणसं गल्लोगल्ली झाली. माझीही उमेदीची वर्षं मापं घेण्यातच गेली. या धंद्यात एक गोष्ट अंगात मुरते. पार्ट एकदा मापात आला याचं कोणाला कौतुक नसतं. शिफ्टभर, प्रत्येक वेळी तसाच आला का, हे विचारलं जातं. रायफलीची अचूकता नेमकी हीच आहे. पहिली गोळी मध्यावर बसणं हा योगही असू शकतो. दहा गोळ्या एकमेकींना चिकटून एका कोपऱ्यात बसल्या, तर साइटच्या चार क्लिक फिरवून तो अख्खा गुच्छ मध्यावर आणता येतो. गोळ्या चहूकडे विखुरल्या असतील तर फिरवायला काही उरतच नाही. म्हणून आधी ग्रुप, मग मध्य. हा क्रम मनात ठेवला की पुढचे सगळे आकडे बोलू लागतात.

आधी लक्ष्य बघू. पन्नास मीटरवरच्या कागदावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर. गोळीचा व्यास ५.६. गोळीची कड रेषेला शिवली तरी गुण मिळतो. म्हणजे हिशेब केला तर गोळीचं केंद्र मध्यापासून आठ मिलिमीटरच्या आत पडलं की दहा. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात आणि प्रत्येक दशांश ०.८ मिलिमीटरचा. १०.९ हवे असतील तर केंद्र मध्यापासून ०.८ मिलिमीटरच्या आत पाहिजे. आता रायफलीकडे या. पुढची साइट आणि मागची साइट यांत समजा ८० सेंटिमीटर अंतर आहे. एक टोक जागेवर ठेवून दुसरं अवघं ०.१३ मिलिमीटर हललं, की पन्नास मीटरवर गोळी आठ मिलिमीटर सरकते. १३० मायक्रॉन! ग्राइंडिंगच्या मशीनवर १३० मायक्रॉनची चूक म्हणजे पार्ट सरळ भंगारात. पण इथे ते मशीन श्वास घेतं, त्याची छाती धडधडते, आणि त्याच्या हातात आठ किलोपर्यंतची रायफल आहे.

डोळ्याचं काम मात्र फार हुशारीने सोपं केलेलं आहे. मागे डायॉप्टर, म्हणजे बारीक भोकाची चकती. पुढे एक कडं. त्या कड्यात लक्ष्याचा काळा गोल आणून बसवायचा. रेषेला रेष, टोकाला टोक असं काही जुळवायचं नाही. काळ्याभोवती पांढरी पट्टी सगळीकडून सारखी रुंद दिसते का, इतकंच बघायचं. माणसाच्या डोळ्याला अंतर मोजता येत नाही, पण गोलातला गोल जरा सरकला तर तो तत्काळ खटकतो. कॉन्सेंट्रिसिटी तपासणारा जुना फिटर डायल लावायच्या आधी नुसतं बघून सांगतो ना, तेच. ज्याने कोणी पहिल्यांदा डोळ्याच्या या उपजत गुणावर अख्खी नेमयोजना बेतली, त्याला डोळा कळला होता.

काडतूस पॉइंट टू-टू. एनसीसीच्या कॅम्पात पोटावर पडून ज्यांनी पाच गोळ्यांचा ग्रुप काढला आहे, त्यांच्या बोटांना ते ओळखीचं असेल. मोठ्या रायफलींच्या काडतुसाला बुडाच्या मध्यभागी ठिणगी देणारी टोपी असते. रिमफायरला ती नसते. पितळी नळकांड्याच्या बुडाला जी पोकळ कड असते, तिच्यातच तो स्फोटक लेप भरलेला असतो. लेप ओला असतानाच काडतूस गरगर फिरवतात, आणि ताक घुसळताना ते डेऱ्याच्या कडेने वर चढतं तसा तो लेप कडेच्या घडीत जाऊन बसतो. चाप ओढला की पिन त्या कडेवर एका जागी आपटते. कुठल्या जागी? ते काडतूस चेंबरमध्ये कसं फिरून बसलं आहे त्यावर. म्हणजे पूर्ण वर्तुळभर लेप सारखाच हवा. कुठल्याही बाजूने मारा, ठिणगी तेवढीच. कुठे तो विरळ राहिला तर दारू मंद पेटते आणि गोळी हळू निघते. याची किंमत काढून बघा. चाळीस ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमहून जराशी जड, शिशाची गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने सुटते आणि पन्नास मीटर जाईपर्यंत सुमारे साडेबारा सेंटिमीटर खाली येते. वेग सेकंदाला तीनच मीटरने घटला तर ती आणखी अडीच मिलिमीटर खाली बसणार. नेमबाजाचं काही चुकलं नाही आणि तीन दशांश गुण गेले. हा वेगसुद्धा विचारपूर्वक ठरवलेला आहे: आवाजाच्या वेगाच्या जरा खाली, कारण वर जाऊन परत ती सीमा ओलांडताना गोळी डचमळते. हजारो काडतुसांत वेगाचा हा फरक मुठीत ठेवणारा कारखाना नेमबाजाच्या बरोबरीने फेरीत उतरलेला असतो.

तरी दोन लॉट एकसारखे निघत नाहीत. इंग्लंडची एली, फिनलंडची लापुआ, जर्मनीची आरडब्ल्यूएस, कोणाचंही काडतूस घ्या. एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन लॉटांत एक तुमच्या नळीला मानवतो, दुसरा नाही. आणि तुम्हाला न मानवलेला लॉट शेजारच्या नेमबाजाच्या रायफलीत सुरेख बसतो. म्हणून वरच्या पातळीवरचे नेमबाज लॉट टेस्टिंग करतात. रायफल शिकंज्यात घट्ट आवळायची, माणूस बाजूला, आणि एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या मारून ग्रुप मोजत बसायचं. जमलेल्या लॉटचा दहा गोळ्यांचा ग्रुप बाहेरच्या कडा धरून दीड सेंटिमीटरच्या आत मावतो. सापडला की त्याच नंबरची खोकी वर्षभराची घेऊन ठेवायची. या परीक्षेत कुठलंही गणित आधी उत्तर सांगत नाही, प्रत्येक नळीला प्रत्यक्ष विचारावं लागतं. यंत्राशी इतक्या आदराने बोलण्याची ही रीत मला फार आवडते.

नळीच्याही सवयी असतात. शिशाच्या गोळीला मेणासारखं वंगण लावलेलं असतं आणि नळीच्या आत त्याचा पातळ थर बसलेला असतो. नळी स्वच्छ पुसली, किंवा काडतुसाचा ब्रँड बदलला, की पहिल्या काही गोळ्या भरकटतात. तो थर पुन्हा जमला की ग्रुप परत आवळतो. म्हणून साफसफाई केल्यावर लगेच कोणी ग्रुपवर मत देत नाही. अॅक्शन आणि स्टॉक जोडणारे स्क्रू टॉर्क रेंचने मोजून आवळतात, आणि प्रत्येक वेळी तेवढेच. असेंब्ली लाइनवर काम केलेल्याला याचं कारण सांगावं लागणार नाही. नळीच्या तोंडाची कड, जिला क्राउन म्हणतात, ती तर गोळीला शेवटचा स्पर्श करणारी जागा. तिथे एका बाजूला बारीकसा खड्डा असला तर मागची हवा त्या बाजूने आधी निसटते आणि गोळीला कोपरखळी बसते. साठ-सत्तर सेंटिमीटर नळी निर्दोष असून उपयोग नाही. या शेवटच्या कडेवर हात फिरवताना चांगला गनस्मिथ श्वास रोखतो.

रिमफायरचा आणखी एक स्वभाव आहे, आणि माझ्या मते तोच या खेळाचं मर्म. ही गोळी आळशी आहे. चाप सुटल्यानंतर ती नळीतच सुमारे अडीच सहस्रांश सेकंद रेंगाळते. मोठ्या रायफलीची गोळी याच्या निम्म्या वेळात बाहेर पडलेली असते. त्या अडीच सहस्रांशांत रायफल हललीच तर गोळी ते हलणं सोबत घेऊन जाते. त्यामुळे शॉट सुटला तरी नेमबाजाचा शॉट संपत नाही. चापावर बोट तसंच, गाल लाकडाला तसाच, डोळा कड्यात तसाच. धक्का बसून साइट जिथे परत येते तिथे ती बघायची. नेमबाज याला फॉलो-थ्रू म्हणतात. अंतिम फेरीचं चित्रीकरण मिळालं तर स्वप्नीलच्या खांद्याकडे बघा. आवाज झाल्यानंतरचा त्याचा तो क्षणभराचा अडकलेला थांबा दर वेळी सारख्या लांबीचा दिसतो. टीव्हीचा कॅमेरा लगेच गुणफलकाकडे वळतो. माझी नजर मात्र त्या खांद्यावर खिळते.

आता फेरी. आदल्या दिवशीच्या पात्रता फेरीत स्वप्नील ५९० गुणांनी सातवा आला होता. गुडघ्यावर १९८, पोटावर १९७, उभ्याने १९५. साठांपैकी ३८ गोळ्या आतल्या दहात. आठ जण अंतिम फेरीत, शेवटून दुसरा तो. अंतिम फेरी पुन्हा शून्यापासून सुरू होते. तेव्हाच्या नियमाप्रमाणे गुडघ्यावर पंधरा, पोटावर पंधरा, उभ्याने दहा, तिथे तळाचे दोघे बाहेर, आणि त्यानंतर एकेक शॉटवर एकेक जण बाहेर.

त्याची पहिली गोळी ९.६. मध्यापासून साडेदहा-अकरा मिलिमीटर. ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत, गुडघ्यावर, सुरुवातीलाच. घाईचा नेमबाज इथे भरपाई करायला धावतो: पुढचा शॉट १०.८ मारायचाच म्हणून डोळा ताणतो, बोट उतावीळ होतं, आणि आणखी एक नऊ पदरात पडतं. स्वप्नीलची पहिली पाच गोळ्यांची सिरीज ५०.८ झाली. दुसरी ५०.९. तिसरी ५१.६. या तीन आकड्यांतली चढण सावकाश बघा. आधी एक दशांश, मग सात दशांश. पहिल्या सिरीजमध्ये गोळ्यांचं मध्यापासूनचं सरासरी अंतर सहा मिलिमीटरहून थोडं जास्त, तिसऱ्यापर्यंत ते पाचच्या आसपास आलेलं. उडी कुठेच नाही. पंधरा गोळ्यांनंतर १५३.३ गुण आणि सहावा क्रमांक. मला ही सुरुवात विलंबितातल्या कसलेल्या सुरुवातीइतकी भारदस्त वाटते.

गुडघ्याची बैठक दिसते सोपी, असते फसवी. मागच्या पायाच्या घोट्याखाली गोल उशी, टाचेवर बसलेलं धड, दुसऱ्या गुडघ्यावर टेकवलेलं कोपर, आणि दंडाला बांधलेला स्लिंगचा पट्टा रायफल धरून ठेवणारा. पट्टा अगदी घट्ट झाला तर दंडातल्या नाडीचा ठोका रायफलीत उतरतो आणि कडं काळ्याभोवती तालात हलू लागतं. सैल झाला तर वजन स्नायूंवर येतं. यातली खरी कसोटी डोळे मिटून घेतात: नेम धरायचा, डोळे मिटायचे, एकदोन श्वास, आणि उघडून बघायचं कडं कुठे आहे. सरकलेलं असेल तर हाताने ओढून आणायचं नाही. पाय किंवा उशी कणभर सरकवायची आणि अख्खं शरीरच लक्ष्याकडे वळवायचं. हाताने ओढून आणलेला नेम चाप सुटताच आपल्या मूळ जागी परत जातो, आणि आळशी गोळी त्याच्याबरोबर. या खेळात हट्ट करायला जागा नाही, हे त्या उशीच्या कणभर सरकण्यातून जितकं कळतं तितकं कुठल्या भाषणातून कळणार नाही.

गुडघ्यावरून पोटावर जायला तेव्हा सात मिनिटं मिळत, आणि त्यातच सरावाच्या गोळ्याही मारून घ्यायच्या. समालोचक इथे गप्पा मारतात. रसिकाने इथेच कान टवकारावेत. बटप्लेट वरखाली, गालाचा आधार कमीजास्त, हँडस्टॉप पुढेमागे, स्लिंगची गाठ वेगळ्या खाचेत, आणि साइटच्या क्लिक. कारण बैठक बदलली की रायफल धक्का वेगळ्या वाटेने खाते आणि तीच गोळी वेगळ्या जागी बसते. कुठल्या बैठकीत किती क्लिक, हे नेमबाजाच्या वहीत लिहिलेलं असतं. सेटिंग बदलून पहिलाच पीस मापात काढणारा सेटर आमच्याकडे शिफ्टचा राजा असतो. स्वप्नीलची पोटावरची पहिली सिरीज आली ५२.७. पाच गोळ्या, सरासरी १०.५४, मध्यापासून सरासरी अंतर जेमतेम सव्वातीन मिलिमीटर.

या ५२.७ पाशी मी थांबतो. शिकंज्यात आवळलेली उत्तम रायफल उत्तम लॉटने मारली, तर तिची सरासरी ढोबळमानाने १०.६ ते १०.७ च्या आसपास यावी. म्हणजे त्या पाच गोळ्यांत माणसाने आपली म्हणून जी चूक घातली ती एक-दीड दशांशाची, एक मिलिमीटरच्या आसपास. बाकी फैलाव नळीचा आणि काडतुसाचा. पाच गोळ्यांसाठी वेळ १५० सेकंद, छातीखाली चटई, कानात आपलाच श्वास, जग बघतंय. आणि माणूस शिकंज्याच्या जवळ जाऊन पोचला. या सिरीजसाठी त्या ४४ शॉटांचं अख्खं पुस्तक वाचायला घ्यावं.

पुढच्या दोन सिरीज ५२.२ आणि ५१.९. उतरण आहे, ती लपवण्याचं कारण नाही. पण ५१.९ ही सरासरीसुद्धा १०.३८ होते, आणि एकूण ३१०.१ वर तो पाचवा झाला होता.

पोटावरच्या नेमबाजीत शरीर जवळजवळ स्थिर असतं, म्हणून तिथे वाऱ्याचं राज्य असतं. रेंजवर लहान झेंडे लावलेले असतात ते याचसाठी. आडवा वारा सेकंदाला फक्त एक मीटर वेगाने वाहिला, म्हणजे गालाला जेमतेम जाणवला, तरी रिमफायरची गोळी पन्नास मीटरवर सहा-सात मिलिमीटर बाजूला जाते. दहाची अख्खी हद्द आठची. आणि गोळी फक्त बाजूला जात नाही. नळीतल्या उजव्या पिळामुळे ती फिरत असते, त्यामुळे उजवीकडून आलेला वारा तिला डावीकडे नेताना किंचित वरही उचलतो. डावीकडून आलेला वारा उजवीकडे आणि किंचित खाली. वारा बदलत्या दिवशी ग्रुप तिरका लांबट होतो, घड्याळातल्या दहापासून चारकडे. जाणता नेमबाज कागदावरचा तिरपा ग्रुप बघून वाऱ्याने काय केलं ते वाचतो. याच कलेचं शिखर आपण २०१० मध्ये बघितलं. म्युनिकच्या विश्वविजेतेपद स्पर्धेत कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण मिळवले, त्या वेळच्या विश्वविक्रमाशी बरोबरी. साठ गोळ्या आणि गमावलेले फक्त तीन गुण. भारताच्या महिला नेमबाजांतली ती पहिली विश्वविजेती. साठ वेळा वारा वाचून तीनदाच चुकणं: मला हा आकडा आजही अंगावर रोमांच आणतो.

मग उभं राहायचं. स्लिंग सोडायचा. पोटावर असताना जमिनीने दिलेला सगळा आधार काढून घेतला जातो. कोपर बरगडीला आणि कमरेच्या हाडाला टेकवून, धड मागे कलवून, हाडावर हाड रचून रायफल तोलायची. कॅनव्हास-चामड्याचा जाड कोट पाठीला धरतो, पण कडं थांबत नाही. ते काळ्यावरून सतत तरंगत असतं. शिकाऊ नेमबाज ते थांबण्याची वाट बघतो. मुरलेला नेमबाज तरंगण्याचा घेरच लहान करतो आणि तो मध्याकडे येत असताना चाप सोडतो. या प्रकारात चापाच्या वजनावर बंधन नाही, त्यामुळे तो फार हलका ठेवता येतो. बोटाने विचार करावा आणि शॉट सुटावा इतका. स्वप्नीलच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे याच थ्री पोझिशन प्रकारात २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये खेळल्या होत्या. उभ्याने मारताना पोटात काय कालवतं ते त्यांना पुस्तकातून शिकवावं लागलं नसणार.

उभ्याच्या दोन सिरीज ५१.१ आणि ५०.४. पोटावरच्या आकड्यांशेजारी ठेवले तर फिके दिसतील. ते तसे वाचायचे नसतात. उभ्याने पाच गोळ्यांत ५१.१ म्हणजे सरासरी अंतर सहा मिलिमीटरच्याही आत, आणि ते अंतर आता तरंगत्या माणसाचं आहे. इतर जण इथे घसरले आणि हा पाचव्यावरून तिसरा झाला. चाळीस शॉटांनंतर ४११.६. एवढा वेळ तो कोणाच्याही पुढे गेल्यासारखा वाटला नव्हता. तो आपल्याच मापात राहिला आणि बाकीचे मापाबाहेर गेले.

यानंतरचं वाचायला हँगझू आठवायला हवं. सप्टेंबर २०२३, आशियाई स्पर्धा, हाच प्रकार. ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर आणि अखिल शेरॉन यांच्याबरोबर स्वप्नीलने तिथे सांघिक सुवर्ण मिळवलं होतं. वैयक्तिक अंतिम फेरीतही तो आघाडीवर होता. आणि उभ्याने एक गोळी गेली ७.६ ला, मध्यापासून २६ मिलिमीटरच्याही बाहेर. तो चौथा राहिला. अशी गोळी नेमबाजाच्या हातात राहते. उभं राहिलं, शेवटचे शॉट आले, की ती बोटाच्या टोकाशी येऊन बसते.

शातोरूला शेवटचे शॉट आले. आता प्रत्येक शॉटला फक्त ५० सेकंद, आणि प्रत्येक शॉटनंतर तळाचा एक जण बाहेर. पहिला १०.५. सुरेख, सव्वातीन ते चार मिलिमीटर. दुसरा ९.४.

ही गोळी बारा मिलिमीटरच्या पलीकडे गेली. जागाही तीच, उभ्याची. वेळही तीच, पदकाच्या दारातली. इथून पुढे तीन गोष्टी होऊ शकत होत्या. घाबरून शॉट उरकायचा. घाबरून शॉट लांबवायचा, म्हणजे ५० सेकंदांतले शेवटचे दहा उरेपर्यंत कडं थांबण्याची वाट बघत बसायचं, आणि दमलेल्या स्नायूंनी मारायचं. किंवा नेहमीच्याच वेळी, नेहमीच्याच रीतीने, तरंगत्या घेराकडून येईल तो शॉट घ्यायचा. पुढची गोळी आली ९.९. मध्यापासून आठ ते ८.८ मिलिमीटर, दहाची रेषा एका मिलिमीटरच्याही आत हुकलेली. टीव्हीवर हा आकडा दिसला तेव्हा हळहळ झाली, कारण दहा नाही. मला मात्र पूर्ण फेरीत ही गोळी सगळ्यात जास्त भावते, ५२.७ च्या त्या पाच गोळ्यांहूनही. ५२.७ मारताना जमीन त्याच्या बाजूने होती. ९.९ च्या वेळी त्याच्या मागे हँगझूचं ७.६ होतं आणि पुढ्यात आत्ताच गेलेलं ९.४, तरीही चूक साडेबारावरून साडेआठ मिलिमीटरवर आली. दिशा बरोबर, माप बरोबर, घाई नाही. याच गोळीनंतर चौथ्या क्रमांकाचा नेमबाज बाहेर गेला आणि पदक पक्कं झालं.

चव्वेचाळिसावी गोळी १०.०. म्हणजे केंद्र सव्वासात ते आठ मिलिमीटरवर आणि गोळीची कड दहाच्या रेषेला जेमतेम शिवणारी. ९.४, ९.९, १०.०: साडेबारा, साडेआठ, साडेसात. सुरुवातीच्या ५०.८, ५०.९, ५१.६ ची चढण आठवा. चाल तीच आहे, फक्त आता उभ्याने आणि एकेका गोळीवर. एकूण ४५१.४. त्याच्यानंतर युक्रेनचा सेर्ही कुलिश आणि चीनचा लिऊ युकुन एकेक गोळी आणखी खेळले, ४६१.३ आणि ४६३.६ वर थांबले. लिऊने आदल्या दिवशी पात्रता फेरीत ५९४ गुण मारले होते. त्याच्या उभ्याच्या सिरीज कधी सवडीने अशाच उलगडून बघाव्यात.